गावठी पिलू घरी आणताय? आधी घरच्यांची शाळा घ्या

भाद्रपद संपून दोनेक महिने उलटले की बांधकामाच्या वाळूच्या ढिगात, बंद टपरीखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात पिलं दिसायला लागतात. गल्लीतल्या बऱ्याच कुत्र्या पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांनी वितात. त्यामुळे हिशेब सरळ आहे. कार्तिक-मार्गशीर्षात पिलं, पौषात सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचे फोटो आणि खाली ओळ: ‘कुणी घेतंय का?’

आमची टिकली अशीच आली. पाच भावंडांतले तीन नर लोकांनी दोन दिवसांत नेले, दोन माद्या राहिल्या. जिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता तिला आम्ही उचललं. घरात याआधी कधी कुत्रं नव्हतं. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, नवरा, मी, शाळेत जाणारी धाकटी आणि सासूबाई. पिलू भराभर शिकतं हे पहिल्याच महिन्यात दिसलं. वेळ लागला तो आम्हा चौघांना एका गोष्टीवर एकमत करायला. खालचं सगळं त्यातून आलेलं आहे.

आणण्याआधी

गावठी कुत्रं मोठं झालं की साधारण १५ ते २० किलोचं होतं आणि नीट सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं जगतं. म्हणजे आज तिसरीत असलेली मुलगी कॉलेज संपवून नोकरी शोधत असेल तेव्हाही ते घरात असेल. तेव्हा आधी बसून ठरवा: पहाटे खाली कोण नेणार, मे महिन्यात गावी गेलात तर ते कुठे राहणार, डॉक्टरांचा खर्च कोण करणार. आणि घरातला जो माणूस ‘मला चालणार नाही’ म्हणतोय त्याला आधी मनवा. पिलू बघून विरघळेल या भरवशावर आणू नका. कधी विरघळतो, कधी नाही, आणि मग ते पिलू पुन्हा टपरीखाली जातं.

आठ आठवड्यांच्या आत पिलाला आईपासून तोडायचं नाही. भावंडांशी कुस्ती खेळतानाच त्याला कळतं की जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ बंद होतो. हा धडा पुढे पिलाला शिकवायला माणसांना फार कष्ट पडतात. निवड करता आली तर डोळे-नाक कोरडे, हिरड्या गुलाबी, अंगावर टक्कल पडलेलं नाही एवढं पाहा. टम्म फुगलेलं पोट म्हणजे बाळसं नव्हे, बहुतेक वेळा जंत.

पहिले दोन दिवस

पाहुण्यांना बोलावू नका. सगळ्यांना पिलू बघायचं असतं, पण पिलाला नुकतंच कुशीतून उचलून फरशीवर आणून ठेवलेलं असतं. खोलीचा एक शांत कोपरा, जुनी चादर, पाण्याची जड वाटी, बस्स. स्टीलची हलकी वाटी ते उलथवतं आणि त्या आवाजाला स्वतःच घाबरतं.

रात्री ते रडणार. ‘रडू दे, सवय होईल’ असं सांगणारे दहा जण भेटतील. आम्ही पहिल्या रात्री ते ऐकलं, टिकलीला हॉलमध्ये ठेवलं, आणि पहाटे चारला खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. दुसऱ्या रात्रीपासून खोका पलंगाशेजारी घेतला आणि एक हात खाली सोडून झोपले. तीन रात्रींत रडं थांबलं. मग खोका रोज वीतभर दाराकडे सरकवत नेला. लाडाने बिघडत नाही, भीतीने बिघडतं.

दोन दिवसांच्या आत जनावरांच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना डबीतून ताज्या शीचा नमुना न्या. जंत कुठले आहेत ते त्यातून कळतं.

लसी आणि जंत

जंताचं औषध तीन महिन्यांचं होईपर्यंत साधारण दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला आणि नंतर तीन महिन्यांनी एकदा. मात्रा वजनावर ठरते, म्हणून अंदाजाने देऊ नका. घरी वजन करायचं तर पिलाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा.

पार्व्हो, डिस्टेम्पर वगैरे जीवघेण्या विषाणूंच्या रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत परत द्यावी लागते. ‘एक टोचून झालं की’ असं म्हणून थांबणारे पुष्कळ असतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिलाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी ओसरेल हे बाहेरून दिसत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. पिवळं-निळं जे काही कार्ड मिळेल ते आधार कार्डासारखं जपा. परवाना काढताना, पाळणाघरात ठेवताना, प्रवासात तेच मागतात.

पार्व्हो जमिनीत महिनोन्महिने टिकतो. त्यामुळे शेवटचा डोस होऊन आठवडा-दोन आठवडे जाईपर्यंत रस्त्यावर, बागेत, इतर कुत्र्यांच्या जागेवर पिलाला खाली सोडायचं नाही. उलट्या, रक्ताची घाण वास येणारी पातळ शी आणि मलूल पिलू दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. त्याच रात्री डॉक्टर गाठायचा.

पण खाली ठेवायचं नाही याचा अर्थ घरात कोंडायचं असा नाही. तीन ते चौदा आठवडे या काळात पिलू जे बघतं-ऐकतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं, आणि जे बघत नाही त्याला ते पुढे घाबरतं. आम्ही टिकलीला शबनममध्ये घालून फिरवलं. रिक्षा, भाजी मंडई, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, शाळा सुटतानाचा गोंधळ. रोज एक नवी गोष्ट, पाच मिनिटं, आणि सोबत खाऊचा तुकडा. हेल्मेट राहून गेलं असतं तर आजही घरपोच जेवण आणणाऱ्या प्रत्येक मुलावर ती भुंकली असती.

शी-शू, अर्थात पहिल्या महिन्याचं मुख्य खातं

पिलू किती वेळ धरू शकतं? ढोबळ हिशेब असा: जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तेवढे तास. दोन महिन्यांचं पिलू फार तर तीन तास, तेही झोपेत. जागं असताना तासाला एकदा धरूनच चाला.

शिवाय तीन वेळा ठरलेल्या: झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांनी आणि दंगा करून झाल्यावर. या तिन्ही वेळी पिलाची वाट बघायची नाही, आपणच उचलून न्यायचं.

कुठे? लसी पूर्ण होईपर्यंत आमची जागा म्हणजे ड्राय बाल्कनी. एका जुन्या पसरट ट्रेमध्ये कुंडीतली माती आणि वर थोडं गवत टाकलं. वर्तमानपत्रही चालतं, पण मग पुढे घरात कुठलाही कागद खाली पडला की पिलाला ती मुतारी वाटते. सासूबाईंचं पुरवणीतलं शब्दकोडं अशा रीतीने दोनदा भिजलं.

कसं? जागेवर ठेवा, ‘शू कर’ एकदाच म्हणा आणि कंटाळवाणं तोंड करून उभे राहा. बोलायचं नाही, खेळायचं नाही, फोन बघितला तरी चालेल. पाच मिनिटांत काही झालं नाही तर आत आणा, पण सोडू नका. मांडीवर घ्या, दहा मिनिटांनी परत न्या. झालं की त्याच जागी, त्याच क्षणी तुकडा तोंडात. स्वयंपाकघरात येऊन डबा उघडून दिलात तर पिलाच्या लेखी ते बक्षीस आत येण्याचं झालं, शू करण्याचं नाही. म्हणून डबी खिशातच ठेवायची. माझ्या सगळ्या कुर्त्यांच्या खिशांना तेव्हा उकडलेल्या चिकनचा वास होता.

घरात झालं तर? झालं. जमिनीला नाक लावून गोल गोल फिरायला लागलं होतं तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. चालू असताना दिसलं तर टाळी न वाजवता, न ओरडता उचलून जागेवर न्या. नंतर दिसलं तर काहीच करू नका. नाक घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणे हे सगळे जुने उपाय पिलाला एकच शिकवतात: या लोकांसमोर शू करायची नाही, सोफ्यामागे जाऊन करायची.

पुसायला फिनाइल नको. त्याने पिलाच्या पंजांना आणि पोटाला त्रास होऊ शकतो, आणि आपल्याला गेलेला वाटणारा वास त्याच्या नाकाला तसाच येत राहतो. आधी टिपून घ्या, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. गादी किंवा गालिचा असेल तर पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर घ्या.

टिकलीला साडेचार महिने लागले. मध्ये एक आठवडा सगळं विसरल्यासारखी वागली, तेव्हा आम्ही परत पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. कोरड्या आठवड्यानंतर अचानक जागोजागी थोडी थोडी शू दिसली तर मात्र लघवीची तपासणी करून घ्या, ते हट्टीपण नसतं.

एका घरात चार ‘बस’

आता मुख्य भानगड. तिसऱ्या महिन्यात मी टिकलीला ‘बस’ शिकवलं. माझ्यासमोर शहाण्यासारखी बसायची. नवरा ऑफिसातून आला की ‘सिट, सिट, सिट डाउन’. धाकटी ‘टिकू बैस ना गं’. आणि सासूबाई ताटावर बसल्या की ‘तिकडे बस जा’ म्हणत त्याच हाताने पोळीचा तुकडा द्यायच्या, म्हणजे ‘तिकडे बस जा’ याचा अर्थ ‘इकडे ये, पोळी मिळेल’. टिकली चौघांकडे आळीपाळीने बघायची आणि शेवटी जाऊन सासूबाईंच्या पायाशी उभी राहायची. तिचं चुकत नव्हतं. तिने घरातला एकमेव न बदलणारा नियम शोधून काढला होता.

मग फ्रिजवर कागद लावला. पाच शब्द: बस, ये, थांब, सोड, जागेवर. त्यापलीकडे शब्द नाही, आणि तोच शब्द दोनदा नाही. ‘नाही’ हा शब्द आम्ही काढूनच टाकला, कारण दिवसभरात आपण तो एकमेकांनाच इतक्यांदा म्हणतो की कुत्र्याला त्यातलं आपलं कुठलं ते कळत नाही. ‘हाड’ घरात बंद. ज्या शब्दाने रस्त्यावरच्या कुत्र्याला हाकलतात तो घरातल्या कुत्र्यासाठी वापरला की आपलाही हात आपोआप उगारला जातो, हे मी स्वतःवरून सांगते.

‘बस’ असं शिकवा. तुरीच्या दाण्याएवढा तुकडा चिमटीत धरून पिलाच्या नाकाशी न्या. हात हळूच वर आणि डोक्यामागे सरकवा. नाक वर गेलं की मागचा भाग खाली येतोच, ढुंगण दाबायची गरज नाही. टेकलं त्या क्षणी ‘छान’ म्हणा आणि तुकडा द्या. ‘छान’ आणि तुकडा यांच्यात एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला तर मधल्या वेळात पिलाने जे केलं असेल त्याचं बक्षीस त्याला मिळतं. दहा-बारा वेळा झालं की मग त्या हालचालीच्या आधी ‘बस’ हा शब्द जोडा. आपण उलटं करतो: अर्थ माहीत नसलेला शब्द वीसदा म्हणतो आणि मग ‘ऐकतच नाही’ म्हणतो.

एका बैठकीला तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. जेवणाआधी, भूक असताना. चहाचं आधण ठेवून उकळी येईपर्यंतचा वेळ अगदी बरोबर पुरतो.

‘ये’ हा सर्वांत किमती शब्द, कारण पट्टा हातातून सुटला की तोच कुत्र्याचा जीव वाचवतो. आम्ही घराच्या पॅसेजमध्ये शिकवला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला धाकटी. एक जण ‘टिकली, ये’ म्हणणार, आली की कौतुक आणि तुकडा, मग दुसरी. तिथे जमलं की जिन्यात, मग गच्चीवर, मग लांब दोरी लावून मोकळ्या मैदानात. नियम एकच, पण कडक: ‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागवायचं नाही, आंघोळ घालायची नाही, औषध पाजायचं नाही. त्यासाठी आपण उठून तिच्याकडे जायचं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना बोलावतो तसं ‘यू यू’ केलं की सुरुवातीला पिलू धावत येतं, तेव्हा तो आवाज वापरायला हरकत नाही, पण मग वर्दळीच्या रस्त्यावर तुम्ही मोठ्याने ‘यू यू’ ओरडायची तयारी ठेवा. नवऱ्याने ती दाखवली नाही.

‘सोड’ शिकवताना तोंडातून वस्तू ओढू नका, अदलाबदल करा. चप्पल सोडली तर चिकन. ओढाताण केलीत तर पुढच्या वेळी ते वस्तू घेऊन पलंगाखाली जातं, आणि एखाद दिवशी त्या वस्तूत औषधाची पट्टी असते.

पट्ट्यावर ओढत असेल तर ओढलं की थांबा. झाडासारखे. पट्टा सैल झाला की चला. पहिले चार दिवस तुम्ही गेटपर्यंतही पोहोचणार नाही आणि वॉचमन विचारेल, ‘ताई, काही हरवलंय का?’

दात

पिलाचे दुधाचे २८ दात तांदळाच्या कणीसारखे असतात आणि सुईसारखे टोचतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते पडून पक्के ४२ येतात, आणि थंडीतल्या पिलाच्या बाबतीत हे महिने उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात. तेव्हा घरात पाहुणे असतात आणि दाराशी पंधरा चपला.

हात चावला की ‘आई गं’ म्हणून हात मोकळा सोडा, उठा आणि अर्धा मिनिट पाठ फिरवा. खेळ संपला हीच शिक्षा पुरते. चावायला गाठ मारलेलं ओलं फडकं फ्रीझरमध्ये घट्ट करून द्या, किंवा अख्खं गार गाजर. जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी आणि नवी हा फरक तुम्हाला बिलामुळे कळतो, त्याला नाही. चपला कपाटात गेल्या पाहिजेत. हे पिलाचं प्रशिक्षण नाही, आपलं आहे.

ताट

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन. वाटी पंधरा-वीस मिनिटांनी उचलायची.

दूध-पोळी हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत अपुरा आहार. बऱ्याच कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात, आणि नुसत्या पोळीवर वाढलेल्या पिलाला प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडून पाय वाकतात. मुडदूस म्हणतात तोच. नवख्यांना माझा सल्ला असा की पहिलं वर्ष ‘पपी’ असं लिहिलेलं पूर्ण आहाराचं तयार खाणं द्या, मग घरच्या जेवणाकडे वळा. घरचं म्हणजे उकडलेलं चिकन किंवा अंडी, भात, भोपळा, गाजर, थोडं दही, बिनमिठाचं. कॅल्शियम किती हे डॉक्टरांना विचारून. मांसाहार घरात आणायचा नसेल तर ते तसं डॉक्टरांना सांगून आहार बांधून घ्या. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्टमय पदार्थ बरेच चांगले पचतात, पण प्रथिनांचा हिशेब डोळ्यांआड करून चालत नाही.

बरगड्यांवरून हात फिरवा. दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात.

घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी अशी यादी: कांदा-लसूण (म्हणजे आमटी-रस्सा आलाच), चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, शिजवलेली हाडं, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि ‘प्रसादाला काय होतंय’ म्हणून तो हमखास दिला जातो. होतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आंब्याच्या दिवसांत कोय गिळून आतड्यात अडकल्याने ऑपरेशन करावं लागतं. आणि ताप आला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही नाही. तसंही कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान.

सासूबाईंचा प्रश्न शेवटी असा सुटला: त्यांना एक डबी दिली, दिवसाच्या खाण्यातलेच मोजून तीस दाणे घातलेली. ताटावरून काही नाही, डबीतून हवं तेवढं, पण ‘जागेवर’ म्हटल्यावर ती चटईवर गेली तरच. आठवड्याभरात ‘जागेवर’ हा टिकलीचा सर्वांत पक्का शब्द झाला आणि त्याचं श्रेय सासूबाई अजून घेतात.

एकटं राहणं

घरात कायम कुणीतरी असतं म्हणून हे शिकवायचं राहतं, आणि मग एका लग्नाला सगळे जातात आणि परत येतात तेव्हा दाराचा खालचा भाग नसतो. पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करा. किल्ली वाजवा आणि बसून राहा. दार उघडून बंद करा. दहा सेकंद बाहेर, मग मिनिट, मग पाच. जाताना निरोप समारंभ नको, येताना भरतभेट नको. जाण्याआधी फिरवून आणा आणि चघळायला काहीतरी ठेवा.

ऊन आणि गोचीड

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग गार करतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीनंतरच बाहेर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. जोरजोरात धापा, दाट लाळ, लडखडणं दिसलं की सावलीत घ्या, साध्या नळाच्या पाण्याने पोट, काखा, पाय भिजवा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरांकडे निघा.

पावसाळ्यात गोचीड. कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली, गळपट्ट्याच्या आत रोज बोटं फिरवून शोधायचे. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखाने चिरडू नका, रॉकेल लावू नका. गुरांसाठी आणलेलं फवारणीचं औषध तर अजिबात नाही. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्यातला बराचसा काळ भिंतीच्या फटीत आणि स्कर्टिंगमागे काढतो, म्हणून नुसतं कुत्रं स्वच्छ करून भागत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब तारखेला द्या.

टिकलीला पहिल्याच जुलैत गोचीड-ताप झाला. दोन दिवस ती जेवण हुंगून सोडत होती आणि आम्ही म्हणत होतो, पावसामुळे कंटाळली. तिसऱ्या दिवशी ओठ उचलून बघितला तर हिरडी गुलाबी नव्हती, जुन्या पिठासारखी पांढुरकी होती. रक्त तपासलं, प्लेटलेट्स खाली गेलेल्या. औषधं महिनाभर चालली. तेव्हापासून दर रविवारी ओठ उचलून बघते. तुम्हीही निरोगी असताना हिरडीचा रंग एकदा नीट बघून ठेवा, नाहीतर बदल झाला हे कळणार कशावरून?

मुलं आणि गुरगुर

जेवताना हात लावायचा नाही, झोपेतून दचकवायचं नाही, गळ्यात पडायचं नाही, हे मुलांना शिकवा. जांभया, ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं म्हणजे कुत्रं ‘पुरे’ म्हणतंय. हलणारी शेपटी म्हणजे प्रत्येक वेळी आनंद नव्हे. गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुर ही घंटा आहे, ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी घंटा न वाजता दात लागतील.

दात लागलाच, आपल्या पिलाचा का असेना, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून ठरलेले सगळे डोस पूर्ण करा.

सोसायटी

ठराव करून कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पण तो कागद नाचवण्याआधी पिशवी खिशात ठेवा आणि शी उचला. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. पुण्यात आणि मुंबईत महापालिकेचा परवाना लागतो, रेबीजचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

पुन्हा भाद्रपद, मग दिवाळी

मादी असेल तर पहिल्या भाद्रपदाच्या आत नसबंदीचं डॉक्टरांशी बोलून घ्या. पिलांचा प्रश्न तर आहेच, पण नसबंदी न केलेल्या माद्यांना पुढे गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार होऊ शकतो. टिकलीची आम्ही जुलैत करणार होतो, तापामुळे ऑगस्टवर गेली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळं दहा दिवस. त्या दहा दिवसांत तिने घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला धडक दिली.

नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की तुमचाही सराव सुरू करा. लांबून, जिथे ढोल ऐकू येतो पण कान मागे जात नाहीत एवढ्या अंतरावरून, खाऊ देत ऐकवा. रोज थोडं जवळ. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून त्याच रीतीने, श्रावणापासून. दिवाळीच्या आदल्या दिवशी जागं होऊन उपयोग नाही. फार घाबरणारं कुत्रं असेल तर डॉक्टरांकडून औषध आधी आणून ठेवा, झोपेच्या गोळ्या मनाने नकोत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाचच्या आत फिरवून आणा, पट्टा दुहेरी बांधून, गळ्यात फोन नंबर लिहिलेला बिल्ला. भेदरून पळालेली बरीच कुत्री त्याच रात्री हरवतात. खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, आणि तिने स्वतः निवडलेल्या कोपऱ्यातून तिला ओढून बाहेर काढू नका. टिकली न्हाणीघरात बादलीमागे जाऊन बसली. सासूबाई पाट घेऊन दारात बसल्या, मांडीवर डबी. दर दोन-तीन फटाक्यांना एक दाणा, आणि कुठलाही शब्द नाही.